डावा कौल

कायगावचा तो दिवस सुखाचा होता, हे आधी सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मी घरातूनच तोंड पाडून निघाले होते. उलट इतक्या खुशीत मी बऱ्याच वर्षांत नव्हते. शाळेच्या परीक्षा उरकल्या होत्या, पेपर तपासून झाले होते, आणि धरणाचं पाणी एवढं मागं हटलं होतं की आमचं बुडालेलं गाव वर आल्याची बातमी शहरात औरंगपुऱ्यातल्या आमच्या वाण्यापर्यंत पोहोचली होती. लोक गाड्या करून बघायला जात होते. दुष्काळाचीही सहल करणारी माणसं असतात, आणि त्या वर्षी मी त्यांच्यातलीच एक होते.

आई माझ्याकडेच राहायची. ऐंशी उलटलेली, पण जीभ आणि दात दोन्ही शाबूत. तिला म्हटलं, "चल, आपलं गाव बघून येऊ."

"पाण्यात गेलेलं गाव बघू नाय," ती म्हणाली. "तू पण गावाच्या अलीकडं कायगावचं देऊळ बघ आन् माघारी ये. उन्हातान्हात चिखल कशाला तुडवायचा?"

मी हो म्हटलं आणि मामांना फोन केला.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, आमच्या देवीचे पुजारी. आईचं माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळे मामा मला कधी पाहुणे वाटलेच नाहीत. धरणासाठी गाव उठलं तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. त्या दिवसाचं एकच चित्र माझ्या डोळ्यांपुढे आहे. तांबड्या कापडात गुंडाळलेली देवी डोक्यावर घेऊन मामा पुढे, मागे हलगी, आणि तिच्या मागे अनवाणी चालणारे माझे आजोबा, वडिलांचे वडील. आजोबांनी म्हणे हट्ट धरला होता, देवी उठली तर मी उठीन, नाहीतर इथंच बुडीन. निम्मी गल्ली त्यांच्या मागे अडून बसली होती. मग देवीनं कौल दिला, मामांनी तिला उचललं आणि सगळे उठले. नवं गाव वर माळावर वसलं आणि देवी पत्र्याच्या देवळात बसली.

कौल म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची देवी म्हणजे हातपाय नसलेला, शेंदूर फासलेला उभा दगड. त्याला तांदळा म्हणतात. त्यावर चांदीचे दोन डोळे बसवलेले. पुजाऱ्यानं तिच्या कपाळाच्या दोन्ही अंगांना ओल्या शेंदुरात एकेक फूल चिकटवायचं. आपण हात जोडून प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. देवीच्या उजवीकडचं फूल आधी पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. त्यावर अपील नाही. आमच्या गावात लग्नं, विहिरी, वाटण्या सगळं त्या दोन फुलांवर चालायचं.

गंगापूरच्या स्टँडवर मामा आपल्या जुन्या मोपेडवर टॉवेल डोक्याला गुंडाळून वाट बघत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण मला मागं बसवून कायगावपर्यंत अशी गाडी हाणली की माझी वेणी सुटली. घाटावर पोहोचलो तेव्हा वाऱ्याला अजून गारवा होता. पात्रात टरबुजाच्या वाड्या पसरल्या होत्या. आम्ही पायऱ्यांवर बसून एक टरबूज फोडून खाल्लं, नंतर रस्त्याकडेच्या रसवंतीवर आलं घातलेला उसाचा रस प्यायलो, आणि मग मी देवळात शिरले ती दुपारपर्यंत बाहेर आलेच नाही.

मला जुने दगड आवडतात. कोण कुठं उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, कुठला खांब मूळचा आणि कुठला नंतर कुणी टेकू म्हणून लावलाय, हे बघत मी दिवस काढू शकते. मंडपाच्या एका कोपऱ्यात मृदंग वाजवणारी एक बाई कोरलेली होती. तिचं नाक झिजलं होतं पण बोटं शाबूत होती, आणि ती बोटं खरोखर थाप मारायच्या बेतात होती. मी मामांना हाताला धरून ती दाखवली.

"दगडात एवढं काय बघती गं?" मामा म्हणाले. "स्थळ बघायला आल्यावाणी बघायलीस."

मी त्यांना खालचं मूळचं काम आणि वरचं नंतरचं काम यातला फरक समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "तू हेच शिकायला पायजे व्हतं बाई."

मी हसले. हसण्याशिवाय काय करणार? मी हेच शिकणार होते. बी.ए. झाल्यावर पुण्याला जुन्या मूर्तींचा आणि देवळांचा अभ्यास करायला मला प्रवेश मिळाला होता. कॉलेजातल्या सरांनी स्वतः खटपट केली होती. वडील अंथरुणावर होते, तरी 'जा' म्हणाले. आई म्हणाली, "देवीला इचारू." मीही म्हटलं, विचारू. मला आईपेक्षा जास्त खात्री होती. लहानपणापासून मी त्या देवीपुढे बसून अभ्यास केला होता, तिला माझं सगळं ठाऊक होतं. ती मला अडवेल असं मनातसुद्धा आलं नाही.

मामांनी फुलं लावली. त्यांचा हात पुरता खाली येण्याआधीच डावं फूल पडलं.

मी देवळात रडले नाही. शहरात परतताना एस.टी.त रडले. मग बी.एड. केलं, शहरातल्याच शाळेत इतिहास शिकवायला लागले, तिथल्याच माणसाशी लग्न झालं. संसार वाईट झाला नाही, उगीच खोटं का बोलू? पण सनावळ्या शिकवता शिकवता कधीतरी खडू हातात तसाच राहायचा. अशा वेळी मला एकच आधार होता, की हे माणसांनी ठरवलेलं नाही. माणसांनी नाकारलं असतं तर मी आयुष्यभर कुढले असते. देवीनं नाही म्हटलं, तिला पुढचं काही दिसलं असेल, असं म्हणून मी गप्प बसले. तीस वर्षं मी त्या गप्प बसण्यावर काढली. दर नवरात्रात जाऊन तिची ओटीसुद्धा भरली.

तर त्या दिवशी ऊन कलायला लागल्यावर मी म्हटलं, "मामा, आता गावाकडं चला."

मामांची गाडी तिथून पुढं जाईना. आधी म्हणाले पेट्रोल कमी आहे. मग गुडघा आठवला. मग म्हणाले, "तिथं काय नाय गं, नुसता गाळ. साप हायेत." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मला त्या वेळी काही शंका आली नाही, मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला गाव तसं बघवत नसेल. मी म्हटलं, "तुम्ही रस्त्यावर थांबा, मी एकटी जाऊन येते." मग मात्र ते मुकाट्यानं निघाले.

गाळ भेगाळून कडक झाला होता. मधूनच कुणी गाळपेर केलेली, वाळलेली धाटं उभी होती. घरांचे नुसते चौथरे राहिले होते. मला आमचं घर ओळखता आलं नाही. मामांनी हातानंच दाखवलं. देवीचं देऊळ मात्र उभं होतं. शिखर ढासळलेलं, पुढचा एक खांब आडवा, पण गाभाऱ्यावरच्या शिळा जागच्या जागी. आमच्या आधी आलेल्या लोकांनी उंबऱ्यापर्यंतचा गाळ उपसून वाट केली होती आणि उदबत्त्या लावल्या होत्या. रिकाम्या गाभाऱ्याला लोक हात जोडून जातात याचं मला कौतुक वाटलं. मी वाकून आत शिरले.

गाभारा रिकामा नव्हता.

आत तांदळा होता. कमरेपर्यंत गाळात, काळा पडलेला, पण मागच्या बाजूला शेंदराचा जाड थर अजून धरलेला. कपाळाखाली शेजारी शेजारी दोन खोल खोबणी होत्या. मी मास्तरीण, मला आधी भलतंच सुचलं. म्हटलं, मूळ देवीच्या मागं आणखी जुनी एखादी देवी असणार, बुडाल्यावर उघडी पडली असेल. मी खुशीनं ओरडणारच होते. मग बोटानं मी त्या खोबणी चाचपल्या. आत लाख होती. चांदीचे डोळे ज्या लाखेनं बसवतात ती.

मी मागं वळले. मामा उंबऱ्याबाहेर उभे होते. त्या तापलेल्या गाळावर त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या, आणि ते आत येत नव्हते. पत्र्याच्या देवळात हाच माणूस कधीकधी चपलेसकट पायरी चढायचा, हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं.

"मामा, ही कोण?" मी विचारलं.

त्यांनी गाभाऱ्याला हात जोडले. मग म्हणाले, "हीच देवी."

"आणि वर माळावर आहे ती?"

"ती पण देवीच म्हण. मानला तर देव, नाय तर धोंडा."

मी त्यांना तिथंच सावलीत बसवलं आणि सगळं सांगायला लावलं. मामा हळूहळू सांगत गेले. गाव उठायची मुदत आली तेव्हा त्यांनी तीनदा कौल लावला होता, आणि तिन्ही वेळा डावं फूल पडलं. देवीला उठायचं नव्हतं. आजोबा हटून बसलेले. खालच्या शेतात पाणी दिसायला लागलेलं. शेवटी सगळं गाव अखेरच्या गावजेवणाला बसलेलं असताना मामांनी देवळाचं दार लावून घेतलं आणि पहार घेऊन तांदळा उकरायला बसले. हातभर खाली गेले तरी दगडाचा तळ लागेना. तो खालच्या कातळाचाच होता. मग त्यांनी डोळे तेवढे काढले, नदीतून आणलेला एक दगड शेंदरानं माखला, त्याला डोळे बसवले आणि बाहेर येऊन सांगितलं, उजवं दिलं.

"तुझा आजा बुडाला असता," मामा म्हणाले. "त्याच्यामागं दहा घरं. मी काय करायचं व्हतं? सांग."

खरं सांगायचं तर मला मामांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, फक्त इतकी वर्षं तोंड बंद ठेवता आलं नसतं. मी त्यांना तसं म्हणालेसुद्धा. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते गरजेपेक्षा जास्त बोलून गेले.

"मी एकटा कुठं गप राहिलो?" ते म्हणाले. "दगड माखला तुझ्या आईनं. तेलात शेंदूर तिनंच मळला. आतून कडी तिनंच लावली व्हती."

आईनं. म्हणजे दर नवरात्रात मला पुढं बसवून, "नीट वाक, पदर घे," म्हणणाऱ्या आईनं. आम्ही परत रस्त्याला लागलो. मामांना आता थांबवत नव्हतं. गाडी चालवता चालवता ते मागं मान करून ओरडून बोलत होते.

"आन् गवंड्यानं घोटाळा केला ना. सिमेंटात बसवताना डाव्या अंगाला कलती बसवली. मी सरळ कर म्हणेपर्यंत सिमेंटानं धरलं. तवापासून डावं फूल टिकतच नाय. उजवं आपलं आरामात बसतं. लोक म्हणायचे, देवी कडक झाली. मग बायांनी युगत काढली. तिला उलटं इचारायचं. पोरगी द्यायची असली तर इचारायचं, पोरगी घरीच ठेवू का? डावं पडलं, की झालं, ठेवू नको, दे. सगळ्या गावाला ठाऊक हाय, तूच शहरात राहिलीस. आता तर हसत हसत इचारतात."

मामा स्वतःच हसले. मी मागं बसून त्यांच्या खांद्याला धरलेलं होतं. मला आमच्या दादाची नोकरी आठवली.

माझा थोरला भाऊ. त्याला नाशिकच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हाही आईनं कौल लावला होता. मी शेजारी बसले होते. आईनं हात जोडून विचारलं होतं, "ह्याला घरीच ठेवू का माय?" डावं फूल पडलं आणि दादा नाशिकला गेला. मला तेव्हा वाटलं होतं, आईला त्याला ठेवून घ्यायचंय म्हणून ती असं विचारतेय, आणि बिचारीचं देवीनं ऐकलं नाही. मी तिची समजूत घातली होती.

माझ्या वेळेला आईनं विचारलं होतं, "हिला पुण्याला पाठवू का?"

सरळ. शब्द न शब्द मला पाठ होता. इतक्या वर्षांत मी तो मनात किती वेळा म्हटला होता. मी मामांना गाडी थांबवायला सांगितली.

"माझा कौल तुम्हीच लावला होता," मी म्हटलं. "आई सरळ विचारतेय हे तुम्हाला ऐकू येत होतं."

मामांनी टॉवेल सोडून तोंड पुसलं. "मला वाटलं चुकून म्हणली," ते म्हणाले. "मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग मी काय बोलणार? माझी थोरली बहीण ती."

त्यांनी मला स्टँडवर सोडलं. एस.टी.त माझ्या शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली होती आणि सबंध वाट त्या कोंबडीशी बोलत होती. मी खिडकीबाहेर बघत होते आणि माझ्या अंगाचा नुसता जाळ होत होता. देवीवर मला राग धरता येत नव्हता म्हणून मी तीस वर्षं शांत होते. आता तो सगळा राग एकदम उतरायला जागा शोधत होता, आणि जागा तर घरीच होती.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसून चिंचा फोडत होती. चिंचोके एका ताटलीत, गर दुसऱ्या. तिनं माझ्या पायांकडं बघितलं. चपलांना गाळ लागला होता.

"गेलीच का शेवटी," ती म्हणाली.

मी तिच्यापुढे बसले. "दादासाठी कौल लावलास तेव्हा काय विचारलं होतंस?"

"एवढं जुनं कोण ध्यानात ठेवतं?"

"घरीच ठेवू का, असं विचारलंस. मी तिथं होते. आणि माझ्या वेळेला पाठवू का, असं विचारलंस."

तिनं हातातला चिंचोका ताटलीत टाकला. "माझ्या भावानं सांगितलं व्हय सगळं. त्याच्या पोटात पाणी सुदिक राहत नाय."

"आई, मला उत्तर पाहिजे."

"काय उत्तर देऊ? तुझा बाप खाटेवर. तुझा भाऊ तिकडं. तू गेली असती तर माझ्यापाशी कोण व्हतं?"

"मग तसं म्हणायचं होतंस. मी राहिले असते."

"नसती राहिली," ती शांतपणे म्हणाली. "रडली असती, भांडली असती, आन् गेली असती. मला माहीत हाय तू. देवीचं नाव घेतलं म्हून गप बसली."

ती म्हणाली ते खरं होतं. मी भांडलेच असते. आणि भांडायचा तो हक्क तिनं माझ्याकडून न सांगता काढून घेतला होता, एका नदीतल्या दगडाच्या हातून. वर माझ्याकडून त्या दगडाच्या ओट्या भरून घेतल्या होत्या. मी तिला हे सगळं बोलले. जे बोलू नये तेही बोलले. तुझ्या लेकाला सोडायचं होतं म्हणून तुला युगत आठवली आणि लेकीच्या वेळेला विसरलीस, असं म्हटलं. ती ऐकत होती. मान खाली घातली नाही की डोळ्याला पदर लावला नाही. म्हाताऱ्या माणसानं रडावं आणि आपण विरघळावं, एवढी सवलतही तिनं मला दिली नाही.

शेवटी माझा दम संपला. मला एकच गोष्ट समजून घ्यायची राहिली होती. मी विचारलं, "वर खरी देवी असती, ती खालची, सरळ बसलेली, तर काय विचारलं असतंस?"

आईनं एक चिंच उचलली, फोडली, शिरा ओढून काढल्या. तिला उत्तर शोधावं लागलं नाही.

"तिला इचारलंच नसतं," ती म्हणाली. "ती जा म्हणली असती."